शुल्क रद्द झाले, पण प्रसारणाचा खर्च आजही आपणच भरतो

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

ब्रिटनमधील दूरचित्रवाणीच्या परवाना शुल्काविषयी आपल्या दैनिकात नुकतेच प्रसिद्ध झालेले टिपण वाचले. घरटी शुल्क ही आता जुनी झालेली पद्धत आहे, मोबाइलच्या काळात ज्याला जे पाहायचे असेल त्याने तेवढ्याचेच पैसे मोजावेत आणि सार्वजनिक वाहिनीला पोसण्याची सक्ती कोणावरही असू नये, असा त्या टिपणाचा एकंदर सूर आहे. मला हा निष्कर्ष मान्य नाही. ज्याने पाहिले त्याने पैसे द्यावेत, हा न्याय वरवर सरळ दिसतो. पण जिथे पाहणारे थोडे आणि विखुरलेले असतात, तिथे तो लावला की त्यांच्या वाट्याला फारसे काही उरत नाही. इंदूर, ग्वाल्हेर, देवास, बऱ्हाणपूर येथील मराठी घरांना याचा अनुभव नेहमीच येत असतो. म्हणूनच लंडनचा वाटणारा हा प्रश्न इंदुरात बसून मांडावासा वाटला.

ब्रिटनमध्ये 1922 साली रेडिओसाठी दहा शिलिंगांचा परवाना सुरू झाला, 1946 साली दूरचित्रवाणीचा परवाना आला आणि एप्रिल 2025 मध्ये त्याचे शुल्क वर्षाला 174.50 पौंड झाले. बीबीसी या तिथल्या सार्वजनिक प्रसारण संस्थेचा खर्च मुख्यतः याच शुल्कातून भागतो. एका घराला एकच परवाना पुरतो, मग घरात संच कितीही असोत. कोणत्याही वाहिनीचे थेट प्रक्षेपण पाहायचे असेल किंवा बीबीसीची आयप्लेअर ही इंटरनेटवरील सेवा वापरायची असेल, तर परवाना लागतोच. मात्र नेटफ्लिक्ससारख्या सेवेवरील मालिका आपल्या सवडीने पाहणाऱ्याला तो लागत नाही. शुल्काला गळती लागली आहे ती याच जागी. माझी भाची लेस्टरला असते. “मामा, आम्ही टीव्ही लावतच नाही, मग द्यायचे कशाला?” असे तिने मला फोनवर विचारले, आणि कायद्याच्या दृष्टीने तिचे म्हणणे बरोबरच आहे. पण तिच्या मुलाची शालेय परीक्षेची तयारी बीबीसीच्या अभ्यासाच्या संकेतस्थळावर चालते आणि कामावर जाताना तिच्या गाडीत बीबीसीचेच लेस्टर केंद्र लागलेले असते. रेडिओचा स्वतंत्र परवाना तिथे 1971 मध्येच रद्द झाला असल्यामुळे त्या केंद्राचा खर्चही टीव्हीच्या शुल्कातूनच भागतो. म्हणजे ती जे रोज वापरते त्याचे पैसे तिचे शेजारी भरतात. यात तिचा दोष नाही. शुल्काची सांगड अजूनही थेट प्रक्षेपणाशीच घातलेली आहे आणि सेवा मात्र त्या पलीकडे कितीतरी पसरली आहे, हा त्या व्यवस्थेतला दोष आहे.

त्या शुल्कात अन्याय नाही, असेही मी म्हणणार नाही. लक्षाधीशाला आणि सफाई कामगाराला एकच रक्कम, हे कोणत्याही सभ्य करपद्धतीत बसत नाही. पंचाहत्तरीपुढच्या सर्व वृद्धांना असलेली माफी 2020 मध्ये काढून घेण्यात आली आणि आता निवृत्तिवेतनावरील विशेष साहाय्य मिळणाऱ्यांपुरतीच ती उरली आहे. शुल्क न भरता पाहणे हा तिथे फौजदारी गुन्हा असून त्यासाठी एक हजार पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो. अशा खटल्यांत स्त्रियांचे प्रमाण पुरुषांहून फार मोठे आहे. तपासनीस दारावर येतो तेव्हा घरात बहुधा बाईच असते, हे त्याचे एक कारण सांगितले जाते. घरातल्या एका यंत्रापायी एखाद्या गरीब बाईला न्यायालयाची पायरी चढावी लागणे ही लाजिरवाणी गोष्ट आहे आणि ती बंद व्हायलाच हवी. मात्र वसुलीची रीत वाईट आहे म्हणून वसुलीचा हेतूही वाईट ठरत नाही. बीबीसी ज्या राजसनदेवर चालते तिची मुदत 2027 अखेर संपते, तोवर तिथल्या लोकांना या दोन गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या करता आल्या तर बरे.

त्या वेगळ्या करता येतात, हे जर्मनीने दाखवले आहे. तिथे 2013 पासून संच मोजणेच बंद झाले. प्रत्येक घराने ठरावीक रक्कम द्यायची, आणि अल्प उत्पन्नामुळे सरकारी मदतीवर जगणाऱ्यांना अर्ज केल्यावर ती माफ. ही रक्कम सध्या महिना 18.36 युरो आहे. प्रसारण संस्थांना किती पैसा लागेल याचा हिशेब मंत्रालय करत नाही, एक स्वतंत्र आयोग करतो, आणि एका राज्याने त्या आयोगाने सुचवलेली वाढ अडवून धरली तेव्हा 2021 मध्ये तिथल्या घटनात्मक न्यायालयाने ती लागू करायला लावली. याउलट फ्रान्सने 2022 मध्ये 138 युरोंचे घरटी शुल्क एका फटक्यात रद्द केले आणि त्याची भरपाई मूल्यवर्धित कराच्या हिश्शातून करण्याचे ठरवले. लोकांच्या खिशाला त्या वर्षी आराम पडला खरा, पण सार्वजनिक वाहिन्यांना आपल्या पैशासाठी सरकारच्या तोंडाकडे पाहण्याची पाळी आली. आपल्याकडची स्थिती या दोन्हींपैकी फ्रान्सला जवळची आहे, आणि तीही फार जुन्या काळापासून.

भारतात शुल्काची कथा 1927 पासून सुरू होते. त्या वर्षी जुलैत मुंबईत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे केंद्र सुरू झाले. श्रोत्याने वर्षाला दहा रुपयांचा परवाना घ्यायचा आणि त्यातले ऐंशी टक्के कंपनीला मिळायचे, अशी योजना होती. परवाने मात्र आठ हजारांच्याही वर गेले नाहीत आणि 1930 मध्ये कंपनी बुडाली. त्यानंतर प्रसारण सरकारने हाती घेतले, ते आजतागायत. ज्यांनी तो काळ पाहिला आहे त्यांना पोस्टात जाऊन दरवर्षी करून आणायचे रेडिओचे लायसन्स आठवत असेल. वडिलांच्या कागदपत्रांत आमचे लायसन्सबुक अजून आहे. तळहातावर मावेल एवढे पुस्तक, पहिल्या पानावर संचाचा मेक आणि नंबर निळ्या शाईत लिहिलेला, आणि पुढच्या पानांवर दरवर्षीची शुल्काची तिकिटे ओळीने चिकटवून त्यांवर पोस्टाचे गोल शिक्के मारलेले. शेवटी शेवटी रेडिओला वर्षाला पंधरा आणि टीव्हीला पन्नास रुपये पडत असत. 1976 मध्ये दूरदर्शनवर जाहिराती आल्या, 1982 च्या आशियाई खेळांच्या वेळी रंगीत प्रक्षेपण आले, पाठोपाठ प्रायोजित मालिका आल्या, आणि जाहिरातींचे उत्पन्न वाढू लागल्यावर घरोघरच्या पंधरा-पन्नास रुपयांसाठी एवढा खटाटोप कशाला, असे सरकारला वाटू लागले. ऐंशीच्या दशकाच्या मध्यास हे शुल्क रद्द झाले. त्या वेळी कोणी हळहळले असेल असे वाटत नाही, कारण रांग वाचली आणि पैसेही वाचले.

त्या जुन्या शुल्कातून आम्हाला काय मिळाले, याचे उत्तर मात्र दुहेरी आहे. मालवा हाउसमधील आकाशवाणीचे इंदूर केंद्र 1955 मध्ये सुरू झाले आणि त्याने मालवी बोलीला जी प्रतिष्ठा दिली ती कोणत्याही व्यापारी संस्थेने दिली नसती. ग्रामीण कार्यक्रमांतील नंदाजी-भेराजींच्या गप्पा ऐकायला आमच्या वाड्यातली अस्सल मराठी मंडळीही कान टवकारून बसत. मालवी शेतकऱ्यासाठी तो कार्यक्रम चालला, तो काही त्याच्याकडे जाहिरातदार होता म्हणून नव्हे. सगळ्यांच्या थोड्या थोड्या पैशांतून त्याचा खर्च निघत होता म्हणून. टीव्हीची गोष्ट वेगळी होती. मुंबई दूरदर्शनवर 1972 पासून नाटके, संगीताचे कार्यक्रम, मुलाखती असे मराठीतले उत्तमोत्तम सादर होत होते, पण तिथल्या मनोऱ्याच्या लहरी विंध्य-सातपुडा ओलांडत नव्हत्या. इंदुरातले मराठी घर मुंबईतल्या घराएवढेच शुल्क भरत होते आणि त्याला मराठीचे दर्शन जवळजवळ होतच नव्हते. 1994 मध्ये दूरदर्शनची मराठी उपग्रह वाहिनी सुरू झाली आणि पुढे तिचेच नाव सह्याद्री झाले, तेव्हा कुठे केबलच्या तारेतून ती उणीव भरून निघाली. शुल्क असले की न्याय मिळतोच असे नाही, हे मी यावरून मान्य करतो. पण शुल्क गेल्याने ही उणीव दूर झालेली नाही. ती दूर झाली उपग्रहामुळे, आणि मराठीसाठी स्वतंत्र वाहिनी चालवावी असे एका सार्वजनिक संस्थेने ठरवले म्हणून.

आता आपण काहीच भरत नाही का? टिपणाच्या लेखकांनी भारताचा उल्लेख “परवाना शुल्कातून मुक्त झालेला देश” असा केला आहे. तो वस्तुस्थितीला धरून नाही. महिन्याला 300 रुपयांचे डिश रिचार्ज करणारे घर 18 टक्के जीएसटीपोटी त्यातले सुमारे 46 रुपये सरकारजमा करते. त्याशिवाय डीटीएच, म्हणजे डिशची सेवा देणाऱ्या, कंपन्या आपल्या समायोजित (ठरावीक वजावटी केल्यानंतरच्या) उत्पन्नाच्या 8 टक्के रक्कम केंद्राकडे भरतात, आणि 2020 च्या मार्गदर्शक तत्त्वांतही तिचे नाव परवाना शुल्क असेच आहे. कंपनी हे पैसे कुठून आणणार? आपल्याच रिचार्जमधून. म्हणजे परवाना शुल्क आजही आहे. फक्त पूर्वी त्याची पावती घरात असायची आणि आता ती कंपनीच्या हिशेबात असते. ही सगळी रक्कम सरकारच्या सर्वसाधारण तिजोरीत जाते आणि तिच्यातला एक पैसाही सार्वजनिक प्रसारणासाठी बांधून ठेवलेला नाही. दूरदर्शन आणि आकाशवाणी चालवणाऱ्या प्रसार भारती या संस्थेच्या कर्मचाऱ्यांचे पगार केंद्र सरकारच्या अनुदानातून होतात, तिच्या यंत्रसामग्रीसाठी 2023 च्या जानेवारीत केंद्राने 2,539 कोटींची योजना मंजूर केली, तोही पैसा आपलाच. आपण भरतो, पण किती, कशासाठी आणि त्या बदल्यात काय मागायचे, हे कुठेच लिहिलेले नसते.

जाहिरातीवर चालणाऱ्या खासगी वाहिन्यांकडून तरी काही मागावे, तर त्यांच्या लेखी आपण मोजले जात नाही, आणि हे मी शब्दशः म्हणतो. मराठी वाहिन्यांची दर आठवड्याची क्रमवारी महाराष्ट्र-गोवा या बाजारपेठेतील प्रेक्षकसंख्येवर ठरते. इंदूरच्या लोकमान्य नगरातले घर किती तास मराठी पाहते, याने त्या आकड्यांत काडीचाही फरक पडत नाही, कारण ते घर मध्य प्रदेश-छत्तीसगडच्या रकान्यात बसते आणि तिथे जाहिरातदार हिंदीकडे पाहत असतो. मध्यंतरी आमच्या डिशच्या पॅकमधून एक मराठी वाहिनी आपोआप निघून गेली. चौकशीसाठी फोन केला, तर पलीकडच्या मुलीने अगदी नम्रपणे सांगितले, “सर, आपके एरिया में इसकी डिमांड नहीं है, आप अलग से ऐड करा लीजिए।” ती बिचारी समोरच्या पडद्यावर दिसले तेच वाचत असणार. आम्ही ती वाहिनी वेगळी घेतली, तिचे पैसे आणि त्यावरचा कर आता निराळा पडतो. ज्यांना ते परवडते त्यांनी असे करावे, हे ठीक. पण मग ज्याला जे पाहायचे त्याने त्याचे पैसे द्यावेत या न्यायाचा खरा अर्थ एवढाच उरतो की थोड्यांनी जास्त द्यावे आणि पुष्कळांच्या आवडीचे तेवढे स्वस्त मिळावे.

आणि परवडणाऱ्यांची गोष्ट इंदुरातल्या निवृत्तिवेतनधारकांपुरती आहे. 2011 च्या जनगणनेत मध्य प्रदेशात मराठी ही मातृभाषा सांगणारे बारा लाखांच्या आसपास होते आणि त्यांतले कितीतरी लोक बऱ्हाणपूर, बैतूल, छिंदवाडा, बालाघाट या जिल्ह्यांच्या खेड्यांत राहतात. इंदूर-ग्वाल्हेरच्या मराठी माणसाला होळकर-शिंद्यांचा वारसा आहे, महाराष्ट्र साहित्य सभा आहे, ‘सानंद’ या संस्थेची नाटके आहेत. सातपुड्याच्या पायथ्याशी कपाशी पिकवणाऱ्या मराठी कुटुंबाला यांतले काहीही नाही. त्याच्या घरावर बहुधा डीडी फ्री डिशची छत्री असते. 2004 च्या डिसेंबरात सुरू झालेल्या या सेवेला महिन्याचे भाडे नाही. एकदा डबा आणि छत्री घेतली की झाले. देशात चार कोटींहून अधिक घरे तिच्यावर अवलंबून असल्याचे सांगितले जाते आणि सह्याद्री त्या घरांना विनामूल्य दिसते. माझ्या मते आज सार्वजनिक पैशाचा याहून सार्थ उपयोग प्रसारणाच्या क्षेत्रात दुसरा नाही. मात्र फ्री डिशवरच्या खासगी वाहिन्यांच्या जागा लिलावाने जातात. त्यातून प्रसार भारतीला उत्पन्न होते, पण कोणती भाषा किती दिसावी हे त्यामुळे पुन्हा बोली लावणाऱ्याच्या ऐपतीवर जाते.

कायदा तर आपल्या बाजूचा आहे. प्रसारणाच्या लहरी ही सार्वजनिक संपत्ती आहे, ती सरकारचीही मक्तेदारी नाही आणि व्यापाऱ्याचीही नाही, असा निवाडा सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 1995 मध्ये दिला. न्यायमूर्ती पी. बी. सावंत हे त्या पीठावर होते, याचा मला मराठी माणूस म्हणून विशेष अभिमान वाटतो. प्रसार भारती कायदा 1990 चा आणि तो अमलात आला 1997 मध्ये. देशाच्या निरनिराळ्या प्रदेशांतील संस्कृती आणि भाषांना पुरेसे स्थान देणे हे त्यात संस्थेचे कर्तव्य म्हणून लिहून ठेवले आहे. संसदीय समिती आणि प्रसारण परिषद यांची तरतूदही त्यात आहे, पण सामान्य प्रेक्षकाला त्यांचे अस्तित्व कधी जाणवले नाही. पैसा दरवर्षी मंत्रालयाकडून मागून घ्यावा लागत असेल, तर कर्तव्याचे कलम कागदावरच राहणार आणि बातम्यांचा क्रम लावताना डोळे आपोआप दिल्लीकडे वळणार. दूरदर्शन म्हणजे सरकारी भोंगा, त्याला कशाला पैसे द्यायचे, हा आक्षेप मी नेहमी ऐकतो आणि त्यात तथ्य आहे. पण सरकारचा आवाज त्याच्यातून येतो तो सरकारच पैसे देते म्हणून, आणि यावर उपाय पैसे तोडणे हा नव्हे, पैशाची वाट बदलणे हा आहे.

पोस्टातले जुने लायसन्स परत आणा, असे माझे म्हणणे मुळीच नाही. आपल्या देशात दारोदार तपासनीस फिरू लागले तर काय होईल, हे सांगायला नको. नवीन पैसाही नको. डीटीएच कंपन्यांचे जे 8 टक्के परवाना शुल्क आज तिजोरीत जाते ते, आणि केबल व डिशच्या जीएसटीतला एक ठरावीक हिस्सा, कायद्याने वेगळ्या निधीत जमा व्हावा. फ्री डिशवरच्या घरांकडून काहीही घेऊ नये. निधीचे वाटप मंत्रालयाकडे न ठेवता जर्मनीसारख्या एखाद्या स्वतंत्र आयोगाकडे द्यावे, आणि राज्याबाहेर राहणाऱ्या भाषिकांसाठी त्यात वाटा राखून ठेवावा: मध्य प्रदेशातल्या मराठीसाठी, गुजरातेतल्या मराठीसाठी, आणि तितकाच महाराष्ट्रातल्या कन्नड, तेलुगू, सिंधी, गोंडीसाठी. सह्याद्रीवर आठवड्यातून निदान काही तास बृहन्महाराष्ट्राच्या, म्हणजे महाराष्ट्राबाहेरच्या मराठी वस्तीच्या, केंद्रांतून तयार झालेले कार्यक्रम असावेत. इंदूरच्या नाट्यस्पर्धा, बडोद्याचे संगीत, ग्वाल्हेरची गायकी हे सारे मुंबईच्या स्टुडिओत बसून दाखवता येणार नाही.

लोक अशा गोष्टीला पैसे देणार नाहीत, असे ज्यांना वाटते त्यांनी आमच्या शहराकडे पाहावे. इंदूर महानगरपालिका घरोघरचा कचरा उचलण्यासाठी वेगळे शुल्क घेते. सुरुवातीला त्यालाही कुरकुर झालीच, पण रोज सकाळी गाडी दारात येऊ लागली, ओला आणि सुका कचरा वेगळा जाऊ लागला, 2017 पासून शहराचा देशात पहिला क्रमांक येऊ लागला, आणि लोकांनी ते शुल्क आपलेसे केले. गाडी आली नाही तर आता इथला माणूस पालिकेला फोन करून जाब विचारतो, कारण पावती त्याच्या हातात असते. तोच अधिकार प्रेक्षकाला हवा आहे. माझ्या रिचार्जच्या बिलावर जीएसटीच्या खाली एक ओळ असावी, सार्वजनिक प्रसारण निधी अमुक रुपये अशी, आणि त्या निधीतून कोणत्या भाषेला किती तास व किती रुपये मिळाले याचा तक्ता दरवर्षी त्या त्या भाषेतल्या वर्तमानपत्रांत छापला जावा.

राहता राहिला तरुण पिढीचा मुद्दा. घरात टीव्ही लागत नाही, सगळे मोबाइलवर, हे खरे आहे, आणि म्हणूनच निधी संचाशी न बांधता प्रसारणाच्या कामाशी बांधायला हवा. प्रसार भारतीने 2024 च्या नोव्हेंबरात वेव्हज हा आपला मोबाइलवरचा मंच सुरू केला आहे. दूरदर्शन आणि आकाशवाणीच्या मराठी संग्रहातले जे काही जतन झाले आहे ते त्यावर नीट लावून, सालवार, नावानिशी उपलब्ध केले, तर लेस्टरची माझी भाची आणि बैतूलचा शाळकरी मुलगा ते एकाच वेळी पाहू शकतील. हे काम कोणतीही खासगी कंपनी करणार नाही, कारण त्यात नफा नाही. फिती खराब होत चालल्या आहेत. त्यासाठी निधी यंदाच हवा.

हिवाळी अधिवेशनात मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र या दोन्ही राज्यांच्या खासदारांनी डीटीएच परवाना शुल्काचा विनियोग कसा होतो, असा साधा लेखी प्रश्न विचारावा, अशी माझी विनंती आहे, आणि आपल्या दैनिकाने तो लावून धरावा.

आपला विश्वासू,
एक निवृत्त शिक्षक,
लोकमान्य नगर, इंदूर